तीसचा आकडा : शक्ती की घात?

होमिओपॅथीच्या बाटलीवर औषधाच्या लॅटिन नावापुढे एक आकडा छापलेला असतो. त्या आकड्याला मराठीत काय म्हणायचे, याचा निर्णय आपण कधी नीट केलाच नाही. आमच्या खुलताबादेत गिऱ्हाईक ‘तीसची द्या’, ‘दोनशेची द्या’ असे सांगते आणि कोणी विचारलेच तर ‘पॉवर’ हा शब्द वापरते. घरगुती उपचारांची मराठी पुस्तके जरा शुद्ध बोलतात. ती ‘शक्ती’ म्हणतात, किंवा भाषांतराच्या भानगडीत न पडता ‘पोटन्सी’ तसाच ठेवतात. औरंगपुऱ्यातल्या दुकानांतून आणि रद्दीवाल्यांकडून अशी पुस्तके मी बरीच वर्षे गोळा करत आलो आहे. मी वैद्य नाही, डॉक्टर नाही. मला रस आहे तो या पुस्तकांच्या मराठीत आणि त्यांच्या अंकगणितात. एका शब्दाच्या भाषांतराने अंकगणित कसे झाकले गेले, एवढेच इथे दाखवायचे आहे.

मूळ शब्द जर्मन आहे, ‘पोटेन्त्स’. त्याचे दोन अर्थ होतात. एक सामर्थ्य, आणि दुसरा गणितातला, ज्याला आपण शाळेत ‘घात’ म्हणायला शिकलो. दोनाचा तिसरा घात आठ, दहाचा सहावा घात दहा लक्ष, हा तो घात. इंग्रजीत ‘पॉवर’ या शब्दालाही हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत मात्र वाटा फुटतात. सामर्थ्याला शक्ती, गणिताला घात. सामर्थ्याचा अर्थ आपल्या भाषांतरकारांनी उचलला आणि गणिताचा सोडून दिला. (घात म्हणजे विश्वासघातही, त्यामुळे तो शब्द औषधाच्या बाटलीवर कोण छापणार, हेही खरे.) परिणाम असा झाला की बाटलीवरचा ३० हा आकडा आपण ५०० मिलिग्रॅमच्या गोळीवरच्या आकड्यासारखा वाचू लागलो. आकडा मोठा तर औषध जास्त, असे. वास्तविक तो कृतीच्या पायऱ्यांचा आकडा आहे. एक भाग घेऊन शंभर भागांत मिसळणे, ही क्रिया किती वेळा केली, एवढेच तो सांगतो.

ही कृती लिहिणारा माणूस हिशेबाचा किती पक्का होता, हे त्याचे मूळ लिखाण वाचल्याशिवाय कळत नाही. साम्युएल हानेमान हा १७५५ मध्ये माइसेन येथे जन्मला. तो डॉक्टर होता, पण हाताने रसायनशास्त्रज्ञ होता. सोमलाने होणारी विषबाधा आणि ती ओळखण्याच्या रासायनिक कसोट्या यांवर त्याने १७८६ मध्ये एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. रक्त काढणे आणि पाऱ्याचे मोठमोठे डोस देणे हा त्या काळचा सर्वमान्य उपचार. अशा काळात औषधाचे प्रमाण कमी करत नेण्याचा विचार एखाद्याला सुचावा, हे मला शहाणपणाचेच वाटते. विरळ करण्यामागचा पहिला हेतू विषाचा त्रास कमी करणे हा होता. विरळ करताना घासल्याने आणि हलवल्याने औषधाची सुप्त शक्ती जागी होते, हा सिद्धान्त मागाहून आला.

‘ऑर्गॅनॉन’ या त्याच्या ग्रंथाची पहिली आवृत्ती १८१० ची, पाचवी १८३३ ची. सहावी त्याने मृत्यूच्या आधी तयार करून ठेवली, पण ती छापली गेली १९२१ मध्ये. औषध तयार करण्याची कृती २७० व्या कलमात आहे. पाचव्या आवृत्तीत तो सांगतो की वनस्पतीचा ताजा रस आणि तितकेच अल्कोहोल यांच्या मिश्रणाचे दोन थेंब घ्यावेत आणि ते अल्कोहोलच्या अठ्ठ्याण्णव थेंबांत घालावेत. दोन थेंब का? एक का नाही? कारण मिश्रणात रस निम्माच आहे. दोन थेंब घेतले तरच त्यांत एक थेंब रस येणार आणि शंभरात एक हे प्रमाण बरोबर बसणार. पुढच्या बाटल्यांत मात्र मागच्या बाटलीतला एक थेंब आणि नव्याण्णव थेंब अल्कोहोल. माझ्या संग्रहातल्या बहुतेक मराठी पुस्तकांत हा दोन थेंबांचा बारकावा गळाला आहे. सगळीकडे सरसकट ‘एक थेंब’. आजच्या पद्धतीत मूळ अर्क साधारणपणे दहात एक या ताकदीचा धरतात. मग पहिल्या शतांश पायरीसाठी अर्काचे दहा भाग आणि अल्कोहोलचे नव्वद भाग घ्यावे लागतात. एकास नव्याण्णव घेतले तर सुरुवातच दहापटीने चुकते.

न विरघळणाऱ्या पदार्थांसाठी खल आहे. एक ग्रेन पदार्थ, म्हणजे आपल्या गुंजेच्या साधारण निम्मा. शंभर ग्रेन दुधाची साखर तीन वाट्यांत विभागायची. सहा-सात मिनिटे घोटायचे, तीन-चार मिनिटे खरवडायचे, पुन्हा घोटायचे, पुन्हा खरवडायचे. असा तासभर खल केला की पहिली पायरी. तीन तासांनी तिसरी, म्हणजे दशलक्षांश. आपल्याकडे रसशाळेत खल करणाऱ्याला ही शिस्त ओळखीची वाटेल.

हलवण्याच्या बाबतीत मात्र हानेमान बदलत गेला. पाचव्या आवृत्तीत प्रत्येक बाटलीला दोनच झटके आहेत, सहावीत शंभर. हे झटके कशावर द्यायचे? टणक पण लवचीक वस्तूवर, उदाहरणार्थ चामड्याची बांधणी असलेल्या पुस्तकावर. वाचकाने हे वाचून हसू नये, त्या काळी ते सहज हाताशी असे. पण दोन झटके आणि शंभर झटके यांत जर फरक असेल, तर एका आवृत्तीप्रमाणे केलेले ३० आणि दुसरीप्रमाणे केलेले ३० ही एकच वस्तू कशी? हा प्रश्न आपल्या पुस्तकांनी विचारायला हवा होता. बरीच पुस्तके दोन्ही आवृत्त्यांतली वाक्ये एकाच परिच्छेदात घालून मोकळी होतात.

आता आकड्याकडे. जुन्या होमिओपॅथिक लिखाणात तिसाव्या पायरीला ‘डेसिलियनावा भाग’ म्हणत. युरोपीय मोजणीत डेसिलियन म्हणजे एकावर साठ शून्ये. तीस पायऱ्या, दर पायरीला दोन शून्ये, हिशेब बरोबर जुळतो. अमेरिकी मोजणीत त्याच शब्दाचा अर्थ एकावर तेहेतीस शून्ये असा होतो, तेव्हा इंग्रजीवरून भाषांतर करणाऱ्याला इथे खड्डा आहे. पण मला महत्त्वाचे वाटते ते वेगळे. ‘डेसिलियनावा भाग’ हे नाव अपूर्णांकाचे होते. औषध किती उरले, हे ते नाव उघड सांगत होते. पुढे नावातला अपूर्णांक गेला आणि पायरीचा अंक तेवढा राहिला. ‘एकावर साठ शून्यांनी भागलेला एक’ याऐवजी नुसते ‘तीस’. लहानपणाचे नाव गेले आणि मोठेपणाचे आले.

या संख्यांचा आवाका मराठी वाचकाला समजावून सांगायला परदेशी नावांची गरज नाही. खुलताबादेहून कन्नड, पुढे औट्रम घाट उतरला की चाळीसगाव, आणि तिथून जवळच पाटणादेवी. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, ते सांगणारा शिलालेख पाटणचा. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला. त्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त दहाच्या पटीने चढत जाणारी अठरा स्थानांची नावे आहेत. एक, दश, शत यांपासून कोटी, अब्ज, खर्व, महापद्म, शंकू करत ती ‘परार्धा’शी थांबतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. होमिओपॅथीची आठवी पायरी सोळा शून्यांची, म्हणजे ‘मध्य’. नववी अठरा शून्यांची. म्हणजे नवव्या पायरीवर आपण लीलावतीच्या बाहेर पडलो. तीस अजून एकवीस पायऱ्या दूर आहे.

बाराव्या पायरीवर दुसरी हद्द लागते, आणि ती नावांची नाही, वस्तूची आहे. अ‍ॅव्होगाद्रोने आपले गृहीतक १८११ मध्ये मांडले, ऑर्गॅनॉननंतर एक वर्षाने. पण ठरावीक वजनाच्या पदार्थात रेणू किती, याचा अंदाज बांधण्याची वाट लोश्मिटने दाखवली ती १८६५ मध्ये, म्हणजे भाऊ दाजींनी पाटणचा लेख पुढे आणला त्याच वर्षी. हानेमानला जाऊन तोवर बावीस वर्षे झाली होती. पदार्थ कितीही भागत गेले तरी थोडा उरतोच, असे त्याने मानले असेल तर त्याला दोष देता येत नाही. दोष आहे तो नंतर लिहिणाऱ्यांचा.

सोमलाचेच उदाहरण घेऊ, कारण आर्सेनिकम अल्बम म्हणजे सोमल. एक ग्रॅम सोमलात सुमारे तीनावर एकवीस शून्ये इतके रेणू असतात. समजा, प्रत्येक पायरीला काहीही न फेकता सगळेच्या सगळे शंभरपट करत नेले आणि सोयीसाठी अल्कोहोलऐवजी पाणी धरले. मग एका रेणूच्या वाट्याला किती पाणी येते? बाराव्या पायरीला सुमारे ३३० ग्रॅम, एक मोठा पेला. तेराव्या पायरीला ३३ किलो, दोन घागरी. पंधराव्या पायरीला ३३० टन, म्हणजे उन्हाळ्यात आमच्याकडे येतात तसले दहा हजार लिटरचे तेहेतीस टँकर. अठराव्या पायरीला ३३ कोटी घनमीटर, जायकवाडीच्या एकूण साठवणक्षमतेचा साधारण नववा हिस्सा. एकोणिसाव्या पायरीला अकरा जायकवाड्या. तेविसाव्या पायरीला पृथ्वीवरचे सगळे समुद्र पुरत नाहीत. आणि तिसाव्या पायरीला एका रेणूसाठी जेवढे पाणी लागेल त्याचे वजन दीड लाखाहून अधिक सूर्यांइतके भरते. दोनशेची गोष्ट मी करत नाही, तिथे शून्ये चारशे आहेत.

हे गणित नवे नाही, अवघडही नाही. दहावीच्या मुलाला घातांकाचे नियम लावून ते करता येते. तरीही आपल्याकडे ते केले गेले नाही, याचा अनुभव २०२० मध्ये सर्वांना आला. त्या वर्षाच्या जानेवारीत केंद्रीय आयुष मंत्रालयाने करोनाच्या प्रतिबंधासाठी आर्सेनिकम अल्बम ३० घेण्याची सूचना प्रसिद्ध केली. रिकाम्या पोटी, तीन दिवस. पुढे महाराष्ट्राच्या ग्रामविकास विभागाने खेड्यापाड्यांत ते वाटायचे ठरवले. माणसे घाबरलेली होती, दुसरे काही हाती नव्हते, आणि साबुदाण्याएवढ्या चार गोड गोळ्या घ्यायला कोणाची हरकत असणार? पण त्या डबीवरच्या ३० या आकड्याबद्दल मराठीत जे काही छापून आले, त्यात काहींनी ‘सोमल म्हणजे विष, ते पोटात कसे घालता?’ अशी भीती घातली, तर काहींनी ‘सौम्य शक्तीचे औषध’ अशी ग्वाही दिली. दोन्ही बाजूंनी आकडा वाचलाच नव्हता. भीतीला कारण नव्हते, कारण सोमल उरलेला नव्हता. आणि ग्वाहीलाही आधार नव्हता, त्याच कारणाने. धोका होता तो वेगळाच. संरक्षण मिळाले, असे समजून माणूस गर्दीत जाणार.

इथे होमिओपॅथीवाल्यांच्या बाजूने एक मुद्दा मांडला जातो, आणि तो मुंबईतूनच आला आहे. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१० मध्ये ‘होमिओपॅथी’ याच नावाच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. बाजारात मिळणारी सोने, तांबे, चांदी अशा धातूंची औषधे ६, ३० आणि २०० या पायऱ्यांवर तपासली असता त्यांत धातूचे अतिसूक्ष्म कण सापडले, असे त्यात म्हटले आहे. हलवताना जो फेस येतो त्याबरोबर कण पृष्ठभागी राहतात आणि पुढच्या बाटलीत जातात, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. काच, साखर, अल्कोहोल यांतूनही धातूचा अंश येऊ शकतो, ही शंका आपण बाजूला ठेवू. निबंधाचा दावा जसाच्या तसा मान्य करू. मग काय निघते? सहाव्या पायरीच्या पुढे धातूचे प्रमाण फारसे घटत नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे ३० आणि २०० या बाटल्यांत जवळपास तेवढाच माल. मग ‘तीसची’ आणि ‘दोनशेची’ हा भेद कशाचा? विरळ करण्याचा हिशेब खरा मानला तर बाटलीत काही उरत नाही, आणि आयआयटीचा निष्कर्ष खरा मानला तर बाटलीवरचा आकडा पोकळ ठरतो. मराठी लेखांत हा निबंध अनेकदा विजयपताकेसारखा फडकवला जातो. त्याचा दुसरा अर्धा भाग कोणी वाचत नाही.

रोगी बरे होतात की नाही, हा प्रश्न अंकगणिताने सुटत नाही, हे मला मान्य आहे. त्यासाठी चाचण्या लागतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन असा निष्कर्ष काढला की होमिओपॅथी परिणामकारक ठरते याचा भरवशाचा पुरावा कोणत्याही आजाराच्या बाबतीत नाही. पण ती चर्चा इतरांनी माझ्यापेक्षा चांगली केली आहे. मी शब्दाकडे परत येतो.

‘आकडा मोठा म्हणजे औषध मोठे’ हे मराठी वाचकाला इतके सहज का पटले? मला वाटते, याचे उत्तर आपल्या भस्मांत आहे. शतपुटी, सहस्रपुटी अभ्रकभस्म आपल्याला ठाऊक असते. तिथेही आकडा क्रियेचा आहे, पुटे किती दिली त्याचा. सहस्रपुटी महाग, दुर्मीळ, गुणाने श्रेष्ठ मानलेले. पण पुट देताना कोणी नव्याण्णव भाग अभ्रक फेकून देत नाही. अभ्रकाचे रूप बदलते, ते राहते. सहस्रपुटीची सवय असलेल्या मनाने होमिओपॅथीचा हजाराचा आकडा पाहिला आणि त्याला तोच मान दिला. बाळगुटीचेही तसेच. सहाणेवर हळकुंडाचे दोन वेढे, वेखंडाचा एक, मुरुडशेंगेचे इतके. वेढे वाढले की औषध वाढते. आपल्या घरातले सगळे मोजमाप चढते आहे, उतरत्या मोजमापाची भाषा आपल्याला नाही. म्हणूनच भाषांतरकाराने इथे थांबून एक वाक्य जादा लिहायला हवे होते.

खुलताबादेत भद्रा मारुतीचे तीर्थ घेतले जाते, दर्ग्यांतून तबर्रुक घेतले जाते. स्पर्शाने गुण उतरतो, अशी श्रद्धा दोन्हीकडे आहे, आणि दोन्हीकडे कोणी आकडा लावत नाही. तीर्थ तीसचे की दोनशेचे, असे विचारले तर पुजारी हसेल. श्रद्धेला आकडा लागत नाही. पण बाटलीवर आकडा छापला की तो हिशेबाला बांधला जातो.

हिशेबाची ढिलाई उंच पायऱ्यांवर निरुपद्रवी असते, खालच्या पायऱ्यांवर नाही. एकास नऊ अशा दशांश पद्धतीला ‘एक्स’ लावतात, एकास नव्याण्णव अशा शतांश पद्धतीला ‘सी’. सहा एक्स आणि तीन सी सारखे, दोन्ही दशलक्षांश. बाराक्षारांच्या गोळ्या बहुधा सहा एक्स असतात, म्हणजे ग्रॅमभर गोळ्यांत क्षार एक मायक्रोग्रॅम, बाकी दुधाची साखर. पण तीन एक्स म्हणजे हजारात एक. सोमलाचे तीन एक्स चूर्ण ग्रॅमभर घेतले तर त्यात एक मिलिग्रॅम सोमल असतो, रेणूंच्या गप्पा मारण्याची गरज नाही असा, खराखुरा. ते सलग काही आठवडे घेणे म्हणजे विष घेणे. मूळ अर्काच्या बाबतीतही तेच. ‘शक्ती’ या शब्दाने मात्र इथे उलटे सुचवले जाते. तीन ही लहान शक्ती, म्हणून ती सौम्य, घरी ठेवायला बरी. माझ्याकडच्या पुस्तकांपैकी काहींनी लहान मुलांसाठी ‘खालच्या शक्ती’ सुचवल्या आहेत, पुढे एक्स की सी हे न लिहिता. औषध कोणते त्यावर सगळे अवलंबून आहे. क्षारांच्या बाबतीत चालून जाईल. सोमल, पारा, कुचला यांच्या बाबतीत ही चूक मुद्रणदोष म्हणून सोडून देता येणार नाही.

खुद्द हानेमानला या चढाओढीची धास्ती वाटत होती. तिसाच्या पुढे जाणाऱ्या एका सहकाऱ्याला त्याने १८२९ मध्ये लिहिले होते की याला कुठेतरी अंत असला पाहिजे. पण त्याच सुमारास रशियातल्या सिम्योन कोर्साकोव्हने दर पायरीला नवी बाटली घेण्याचा खर्च वाचवला. बाटली ओतून रिकामी करायची, काचेला चिकटून राहील तो एक भाग समजायचा, पुन्हा भरायची, पुन्हा हलवायची. तो दीड हजार पायऱ्यांपर्यंत गेला. (हाच कोर्साकोव्ह १८३२ मध्ये छिद्रांच्या कार्डांवर माहिती शोधणारी यंत्रे घेऊन पुढे आला. संगणकाच्या इतिहासात त्याला जागा आहे.) काचेला नेमके किती चिकटते, हे बाटलीच्या आकारावर आणि ओतणाऱ्याच्या हातावर अवलंबून. म्हणजे इथे प्रमाण मोजलेलेच नाही, मानलेले आहे. तरी आकडा तोच, तसाच.

सहाव्या आवृत्तीत हानेमानने पायरीच बदलली. तिसऱ्या खलाचे एक ग्रेन पाचशे थेंबांत, त्यातला एक थेंब शंभर थेंब अल्कोहोलमध्ये, शंभर झटके. मग त्यात खसखशीएवढ्या साखरेच्या गोळ्या भिजवायच्या, इतक्या बारीक की शंभरांचे वजन एक ग्रेन आणि एका थेंबात पाचशे भिजाव्यात. पुढच्या पायरीसाठी त्यांतली एकच गोळी शंभर थेंबांत. पाचशे गुणिले शंभर, दर पायरीला पन्नास हजारपट. या पद्धतीला ‘एलएम’ म्हणतात, तेही रोमन आकड्यांच्या नियमात बसत नाही. पन्नास आणि हजार यांचा गुणाकार रोमन लिपीत असा लिहीत नाहीत. आपल्याकडे बाटलीवर मात्र वेगळीच खूण असते, ०/१, ०/२, ०/३. वरचे वर्तुळ म्हणजे ती खसखशीएवढी गोळी, खालचा आकडा पायरीचा. दुकानात तिला ‘झिरो बाय वन’ म्हणतात आणि एका मराठी पुस्तकात मला ती ‘शून्य भागिले एक’ अशी अक्षरांत लिहिलेली सापडली. लेखकाने तिच्यासमोरही ‘शक्ती’ हाच शब्द ठेवला आहे.